सोपानचा पहारा

मी रोज देवाकडे एकच मागायचे, आणि ते ऐकून कुठलीही आई मला वेड्यात काढील. मी म्हणायचे, पांडुरंगा, माझ्या पोराला माझ्या आधी ने. एकच दिवस आधी ने, पण आधी ने. माझ्या माघारी त्याला कोण, या प्रश्नाने माझी झोप उडवली होती. देवाशी माझं बोलणं म्हणजे निम्मी विनवणी आणि निम्मं भांडण असायचं.

सोपान जन्मला तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. डोळे तिरपे, मान लुळी, दूध ओढायचंही त्राण नाही. आमच्या पिंपरी पेंढारमध्ये ज्याला-त्याला कारण ठाऊक होतं. कुणी म्हणे मी ग्रहण पाळलं नाही, कुणी म्हणे पोटुशी असताना विळा हातात धरला, कुणाला जुना नवस आठवे. शेवटी पुण्याला त्याचं रक्त तपासलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागदावर रेघांच्या जोड्या काढून समजावलं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. याच्या एकविसाव्या जोडीत दोनाच्या जागी तीन आहेत. याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. "एक जोडी वेळेवर सुटी झाली नाही, एवढंच. तुमचा दोष नाही, आणि ग्रहणाचा तर नाहीच नाही. शिकेल सगळं, पण सावकाश," त्या म्हणाल्या. ग्रहणाचं भूत तिथेच उतरलं. माघारीचा प्रश्न मात्र मी तसाच घरी घेऊन आले, त्यावर त्यांच्याकडेही औषध नव्हतं.

सोपान उशिरा चालला, त्याहून उशिरा बोलला. जीभ जड ती जडच राहिली. हट्टी असा, की थांब्यावरची एसटी निघून गेली तरी सदऱ्याची गुंडी स्वतःच लावणार. चैत्रातल्या सप्ताहाचं त्याला भारी वेड. आमच्याकडे सप्ताहभर विणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असतो. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे होतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि मग विणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो. तो जमिनीला टेकला तर सप्ताह मोडला असं मानतात. सोपान खांबाशी बसून हेच बघत राहायचा, जेवायलाही उठायचा नाही. त्याला मिसरूड फुटलं त्या वर्षी मी सप्ताहाचे कारभारी तात्या यांना म्हटलं, पोराला घटकाभर पहाऱ्याला उभं राहू द्या.

"वैनी, देवाचा विणा हाय, खेळणं न्हाई," तात्या म्हणाले. "पाडला त्यानं, तर गावाला काय त्वांड दावू मी?"

"मागल्या पंगतीत आमटीची बादली तुमच्याच हातनं पडली व्हती ना? तवा गाव बुडालं का?" असं म्हणून मी तरातरा निघून आले. घरी येऊन रडले ते वेगळं.

त्याच सप्ताहात एका दुपारी आभाळ एकदम काळं झालं. सगळ्यांचा कांदा काढून वावरात पडलेला. वारा सुटला आणि टपाटपा गारा पडू लागल्या, तसा सगळा मांडव ताडपत्र्या घेऊन कांदा झाकायला पळाला. मीही पळाले. सोपानला म्हटलं, "हितंच बस." विणा होता म्हाताऱ्या दगडूबाबांच्या गळ्यात. पुढचा पहारा तात्यांचा होता, पण तेही आपल्या कांद्याकडे धावले होते.

गारा थांबल्यावर मी चिखल तुडवत देवळाशी आले. मांडव एका बाजूने खाली आला होता. दगडूबाबा खांबाला टेकून बसलेले, घामाने डबडबलेले. आणि देवासमोर सोपान उभा होता. गळ्यात विणा, बोट तारेवर, जड जिभेने चाललेलं "राम कृष्ण हरी".

"डोळ्यापुढं अंधारी आली बघ," दगडूबाबा सांगू लागले. "हाक मारावी तर कोन न्हाई. ह्यो पुढं आला, माज्या पाया पडला, अन् मान वाकवून उभा ऱ्हायला. म्या विणा घातला. पर खरं सांगू का, म्या न्हाई दिला. कुनीतरी माज्या हातानं दिला." यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला त्यांचं बोलणं पुरेसं वाटतं.

तेवढ्यात गावकऱ्यांसह तात्या आले, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. "शाब्बास रं! आन हिकडं," म्हणत त्यांनी विण्याला हात घातला. सोपान एक पाऊल मागे सरला.

"आधी पाया," तो म्हणाला.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम देवाकडे पाहिलं. मग ज्यांच्यापुढे अख्खं गाव वाकतं त्या तात्यांनी टोपी सावरली आणि माझ्या सोपानच्या पायांवर डोकं ठेवलं. सोपानही विणा सांभाळत त्यांच्या पाया पडला, रीत पुरी केली, आणि मगच विणा त्यांच्या गळ्यात घातला. विठ्ठलनामाचा एकच गजर उठला. तात्यांचे डोळे भरले होते. "उंद्यापासनं दुपारचा पहारा सोपानचा," ते म्हणाले. "कुनाला काय म्हनायचं असंल तर आधी माज्याशी बोला."

तेव्हापासून तो पहारा त्याचाच आहे. पुढे एका चैत्रात माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. मी आणि सोपानचे वडील दोघंही पुण्याला, पोर शेजारी ठेवलेलं. माझा जीव टांगणीला लागला होता. सुटी मिळताच मी घरी न जाता थेट देवळात गेले. सोपान पहाऱ्याला उभा होता. न्हाऊनमाखून, कपाळाला बुक्का, अंगात पांढराशुभ्र सदरा. तात्यांनी आंघोळ घातली होती, सदरा शेजारणीने धुतला होता, आणि जेवायला त्याला कुठल्या घरी न्यायचं यावर बायकांची रोज ओढाताण चालली होती.

मला बघून तो तोंडभर हसला, पण जागचा हलला नाही. मी त्याची आई, पण मलाही पहारा संपेपर्यंत थांबावं लागलं. इतक्या आनंदाने मी कधी कुणाची वाट पाहिली नसेल. तिथेच उभ्या उभ्या मी माझं मागणं मागे घेतलं. म्हटलं, पांडुरंगा, कुणाला आधी न्यायचं ते तुझं तू बघ. माझ्या माघारी याला कोण, हे मी आता विचारणार नाही. दिसतंय मला.