सात कप, एकदम गरम

धाकट्या बहिणीला पाहायला पहिली मंडळी जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा मी एकेक कप कॉफी फेटत बसले. शेवटचा कप भरेपर्यंत पहिले चार थंड झाले. नकार आला. दुसऱ्या मंडळींसाठी मी कुकरची शिटी काढून तिथे तांब्याची नळी बसवून घेतली. वाफेने सात कप पाच मिनिटांत फेसाळले आणि बहिणीने ट्रे फिरवला.

मुलाच्या आईने कप रिकामा केला. "बाई, कॉफी मस्त हाये. हे मशीनच देऊन द्या आमाले. पोरगी काळी हाये, तिले तुमच्यापाशीच राहू द्या."

सगळे हसले. नळीचं कौतुक झालं म्हणून मीही हसले. ट्रे धरून उभ्या बहिणीने फक्त माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर ती कोणासमोर आली नाही. तिचं लग्न झालंच नाही.