आकारामची खण

आकारामच्या गळाला कधी मासा लागायचा नाही. बाकी माणूस लाखात एक. आठवडाभर फौंड्रीतल्या घणघणाटानं त्याचे कान किटायचे, म्हणून रविवारी तो गडमुडशिंगीच्या माळावर, पाण्यानं भरलेल्या एका जुन्या दगडाच्या खणीवर गळ टाकून बसायचा. खण विरूपाक्षआप्पांची. आप्पा लिंगायत, घरात अंडंसुद्धा यायचं नाही. त्र्याण्णव साली त्यांनी वर्षाचा खंड म्हणून एक नारळ मागितला.

पहिल्याच रविवारी आप्पांनी बांधावरून विचारलं, "काय रं, गावलं का काय?"

गावला होता एक बेडूक. पण आकारामचं घराणंच असं, पोट उपाशी राहील, मिशी खाली यायची नाही. पुढच्या रविवारी तो आधी सायकलवरून कोल्हापूरच्या मासळी बाजारात गेला, सहा बांगडे घेतले, खणीत बुचकळून काढले आणि आप्पांच्या दारावरून मिरवत नेले. आप्पांनी नाकाला उपरणं लावलं, पण एका डोळ्यानं मोजले.

दुसऱ्या वर्षी खंड झाला गुळाची ढेप. मग दोन ढेपा. मग रोख हजार. आकारामला वाटायचं, खंड वाढला म्हणजे आपला मान वाढला. तो आठ बांगडे आणू लागला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर धोंड्याला हार घालायचा, तशातली गत.

दोन हजार चार साली आप्पांनी खणीचा लिलावच पुकारला. कोल्हापुरातनं चौघे हौशी गडी घडीच्या खुर्च्या घेऊन आले. बोली आठ हजारांवर गेली. आकारामचा जीव कासावीस झाला. मासे गेले खड्ड्यात, पण ही एवढी शांत जागा गेली तर रविवारी जायचं कुठं?

शेवटी तो उठला. "ह्या खणीत मासा न्हाय. अकरा वर्सांत एक बेडूक गावलाय."

"बोली पाडाय बघतोय," चौघांतला एक म्हणाला आणि नऊ हजार बोलला.

तेव्हा आकारामची बायको झुंबरबाई पुढं झाली. "आप्पा, मासं दिसाय कसलं हुतं?"

"पाठीवर काळं-निळं पट्टं," आप्पा म्हणाले.

"त्यो बांगडा. समिंदरातला. अकरा वर्सं मीच तळतोय की."

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि खुर्च्या मिटल्या. आप्पा आकारामकडं वळले. "मग येवढा खंड कशाचा देत हुतास?"

"बसायचा," आकाराम म्हणाला.

आप्पांनाच कसंतरी झालं. "नारळ आण," ते म्हणाले.

वाटेत आकारामनं बायकोला विचारलं, "ठावं हुतं तर आजवर बोलली का न्हाईस?"

"मला बांगडा आवडतोय."

पुढच्या रविवारी तो निवांत बसला होता. आता कुणाला काही दाखवायचं नव्हतं. दुपारी दोरीला हिसका बसला आणि हातभर लांबीचा मरळ मासा वर आला. अकरा वर्षांतला पहिला. आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तो पोटाशी धरला, आरोळी ठोकायला तोंड उघडलं, आणि बांधावर आप्पा दिसले.

"काय रं, गावलं का काय?"

आकारामनं पाठ वळवली, मासा हळूच पाण्यात सोडला आणि ओले हात धोतराला पुसले.

"बेडूक," तो म्हणाला.