हॉर्न वाजेपर्यंत

मेहताब सर पहिल्यांदा चौथीच्या वर्गात शिरले तेव्हा पहिल्या रांगेतल्या सुकन्यानं अशी जांभई दिली, की तिच्यात फळा, खडू, भिंतीवरचा भारताचा नकाशा आणि सरांचं दोन वर्षांचं डी.एड. सगळं एकदम गडप झालं. असं सर आजही शपथेवर सांगतात. जांभई मिटली तेव्हा नकाशा जागेवर होता. सरांचा धीर तेवढा परत आला नाही.

सरांचे वडील, बाबाजान, तिसगावच्या बाजारात बांगड्या विकायचे. नुसती सहज चौकशी करायला थांबलेली बाई दोन्ही हात भरूनच उठायची. मुलाला मात्र तिसेक पोरं जागी ठेवायला घाम फुटायचा. रात्री ते बायकोला विचारत, "अल्मास, मी बोलताना तुलाही झोप येते का गं?" ती तोवर झोपलेली असे.

शेवटी त्यांना एक युक्ती सापडली. करंजी घाटातल्या एका चोराची गोष्ट ते रोज तासाच्या शेवटी सांगू लागले, आणि चोराचा हात कुलपाला लागला रे लागला की थांबू लागले. पोरं जागी राहिली. सुकन्याची जांभई गेली, डोळे मोठे झाले. आणि नेमका दसरा उलटला.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या गावातून निघतात. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, शेळ्या आणि पोरं, याच क्रमानं चढतात. गेल्या साली सुकन्याही गेली होती. परत आली तेव्हा पाढे विसरून आली होती. यंदाही गेली तर ती शाळेला कायमचीच मुकणार, या धास्तीनं सर तिच्या बापाला, सहादेवला, जाऊन भेटले.

"म्हातारी हाय संभाळायला," सहादेव म्हणाला. "पन पोरीचं मन पायजे ना, सर. आसं करू. ट्रकचा हॉर्न वाजला का मी शाळंच्या दारात येतो. उठली तर माझी, बसली तर तुमची."

सरांनी होकार दिला.

टोळी निघायची त्या दिवशी ट्रक दहाला येणार होता. सरांनी हिशेब केला: दहाला चोर वाड्यात शिरेल, हॉर्न वाजेल, पोरगी हलणार नाही. दहा वाजले. चोर शिरला. ट्रक नाही. टोळीच्या मुकादमाच्या शब्दावर घड्याळ लावणारा माणूस नगर जिल्ह्यात हा एकटाच. सरांनी चोराला भुयार खणायला लावलं. अकरा वाजले, चोर खणतोच आहे.

"सर, किती खनतोय?" मागून आदिनाथ ओरडला. "आता पानी लागंल!"

वर्ग खिदळला. सुकन्यानं खिडकीकडे पाहिलं. चोर खजिन्यापाशी पोचला, पेटी उघडली आणि सरांची गोष्ट संपली. पेटीत काय आहे, हे सरांनाच ठाऊक नव्हतं. लांबून ट्रकची घरघर ऐकू आली.

"सुकन्या," सर म्हणाले, "पेटीत काय होतं, ते तू सांग."

ती उठून उभी राहिली. उठली तर बापाची!

"पेटीत दुसरा चोर हुता," ती म्हणाली. "त्यो लई दिसांचा उपाशी हुता. मंग त्यो म्हनला..."

तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला. कोंबड्या ओरडल्या, खिडकीतून धूळ आत आली, दारात सहादेव येऊन उभा राहिला. सुकन्या हातवारे करकरून दुसऱ्या चोराला भाकरी खाऊ घालत होती. पुन्हा हॉर्न. तिनं बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "थांब ना दादा, मधी बोलू नगं."

सहादेव चौकटीला टेकून थोडा वेळ ऐकत राहिला. मग चपला हातात घेऊन, आवाज न करता निघून गेला.

सुकन्या गोजरबाई आजीपाशी राहिली. वार्षिक परीक्षेत ती गणितात नापास झाली.