अर्धी शेळी, दुप्पट दोर

लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी मी दोऱ्याच्या चांगल्या भरलेल्या रिळांपासून कप्प्यांचं यंत्र करून दिलं. तेव्हापासून घरात एक शास्त्रज्ञ वावरू लागला. बायकोला तो कधी दिसला नाही, हा तिच्या नजरेचा दोष.

त्याच आठवड्यात चुलतीची गाभण शेळी शिरड शहापूरजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत पडली. पाणी गुडघाभर, म्हणून वाचली. चुलतभाऊ भिंतीतल्या लोखंडी कड्या धरून खाली उतरला, पण शेळी खांद्यावर घेऊन चढणं जमेना. काकू काठावर रडकुंडीला आलेल्या, बायको त्यांना सावरत होती.

"पोटात लेकरं हायेत रे तिच्या! काढा लवकर."

"थांबा काकू, अर्ध्या ताकदीत काढतो."

विहिरीवरच्या दांडीला एक कप्पी होतीच. ती फक्त ओढायची दिशा बदलते, वजन तेवढंच राहतं, हे मी काकूंना सविस्तर समजावलं. खाली शेळी ओरडत होती. ज्ञानदानात असे व्यत्यय यायचेच. मग दोराचं एक टोक दांडीला बांधलं, मधल्या झोळात आकड्याची दुसरी कप्पी अडकवली आणि दुसरं टोक वरच्या कप्पीवरून हातात घेतलं. आता शेळी दोन पदरांवर तोलली जाणार, मला अर्धीच ओढायची!

दोर सोडत गेलो, सोडत गेलो, आणि दोर संपला. आकडा विहिरीच्या मध्यावर झुलत राहिला.

"दादा," खालून आवाज आला, "काहून थांबला? शेळीनं उडी मारायची व्हय?"

वजन अर्धं केलं की दोर दुप्पट लागतो. रिळावर दोरा एवढा होता की नियमाच्या या अर्ध्या भागाशी माझी कधी गाठच पडली नव्हती.

"यंत्र साधंच हाय," बायको म्हणाली, "चालवणारा त्याहून साधा."

दुसरी कप्पी काढून टाकली. दोर तळाला पोचला, भावानं शेळी पोत्याच्या झोळीत बांधली. आता अख्खं वजन माझ्यावर. काकूंनी मला नजरेनं जोखलं.

"हातानं वढू नको. दोर कमरेला बांध अन् मागं सरकत जा. येवढं खाल्लेलं कवा कामाला येणार?"

मी मागं रेललो. शास्त्रज्ञाला जे जमलं नाही, ते ढेरीला जमलं. बायकोनं झोळी काठावर ओढून घेतली.

काकूंनी शेळीच्या पोटावर हात ठेवला. आत काहीतरी हललं, तशा त्या हसल्या. मग माझ्याकडं बघत म्हणाल्या, "दोन्ही पोटं सलामत!"