जमिनीले विचारणारे काका

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. कुणाबद्दल लिहिण्याइतकी माझी तयारी नाही, तरी धाडस करतो आहे, माफी असावी. पण आमच्या हुडकेश्वरातले वायरमन काकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

थंडीत आईचे गुडघे आखडतात, म्हणून आम्ही गिझर आणला. काका आले ते दोन वायरी लोंबणारा बल्ब घेऊन. “पहिले जमिनीले विचारू,” म्हणत त्यांनी सॉकेटमध्ये एक वायर करंटच्या आणि दुसरी अर्थिंगच्या भोकात घातली. बल्ब लागला नाही, म्हणजे घराला अर्थिंगच नव्हते.

“जमीन ‘नाही’ म्हणून राहिली.”

“तरी लावून टाका ना भाऊ,” बाबा म्हणाले.

“लावतो. पन वहिनीले झटका बसला तं सैपाक तुम्ही कराल का गा?”

मग अंगणात खड्डा खणून पाइप गाडला, भोवती मीठ-कोळसा भरला. कामाच्या त्या तीन दिवसांत काकांनी शॉकचे इतके किस्से अंग थरथरवून सांगितले की गिझर बसल्यावरही आई शेगडीवरच पाणी तापवू लागली. दुखऱ्या गुडघ्यांनी ती बादली ओढत नेई, पण गिझरखाली जाईना.

ही बातमी शेवटी काकांपर्यंत पोचली. रविवारी सकाळी ते खांद्यावर टॉवेल टाकून दारात हजर.

“वहिनी, पहिले मी आंघोळ करतो. जिता निघालो तं तुमचा नंबर.”

आत पाणी पडू लागले. बाहेरून आई दर मिनिटाला ओरडे, “भाऊ, बरे आहा ना गा?”

चौथ्यांदा उत्तर आले, “बरा आहो वहिनी! पन साबन कुठी ठेवली?”

आई हसली आणि स्वतःचा टॉवेल शोधायला उठली.