कांचनजंगाकडे पाठ

जेसल पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला फिरायला जायचं असलं की ते मला विचारत. जैसलमेरला कधी जावं, लडाखला दम का लागतो, हे मी ठामपणे सांगत असे. स्वतः मात्र रत्नागिरीपलीकडे गेलो नव्हतो. राजस्थानात ऊन, केरळात पाऊस, आसाम लांब, असं करत माझं काही ठरतच नव्हतं.

२००६च्या मे महिन्यात माझ्या बायकोने, सुचेताने, शेजारच्या नीलमवहिनींबरोबर परस्पर दार्जिलिंगची तिकिटं काढली.

"तुम्ही येताय ना?" तिने विचारलं.

"मे महिन्यात तिकडे धुकं असतं, काही दिसणार नाही," असं म्हणत मी बॅग भरली.

धुकं होतंच. एका सकाळी हॉटेलच्या गच्चीवर चहा पिताना, मागे हात करून, कांचनजंगा नेमका कुठे दिसला असता ते मी समजावत होतो. सगळे इतके गप्प ऐकत होते की मला चेव आला. मग लक्षात आलं, ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतायत. मी वळेपर्यंत धुकं पुन्हा दाटलं होतं.

"कसा होता?" मी विचारलं.

"पांढराशुभ्र," सुचेता म्हणाली. "आणि तुम्ही दाखवत होतात त्याच्या बराच डावीकडे."