वाडीच्या दाराबाहेरचे बूट

पांढरी गोळी जिभेवर ठेवायची, तांब्यातलं पाणी वरून घशात सोडायचं आणि गुडघ्यावर थाप मारून म्हणायचं, "गोळी कामाला लागली, आता मी लागतो." कळंबच्या वाटेवरच्या पानवेलीच्या वाडीत मामांचा दिवस असा सुरू होई. ते माझे नात्याचे कुणी नव्हते. आळीत सगळेच त्यांना मामा म्हणत. मी त्यांच्या ओटीवर विड्याची पानं निवडायला आणि जुड्या बांधायला जात असे.

माणूस नीटनेटका. कोयता, सुंभ, चंची, ज्याची त्याची जागा ठरलेली. मला ते फार आवडे. खाण्यात मात्र शिस्त नाही. साखरेचा आजार कळल्यावरही वाळवलेल्या केळ्यांची गोड सुकेळी समोर आली की म्हणत, "ही आपल्या वाडीची, बाय. हिची साखर आपल्याला वळखते."

गुडघे सुजत, तळपायांची आग आग होई. डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली तेव्हा मामी आणि मी सोबत होतो. त्यांनी सरळ सांगितलं, "ही गुडघ्याच्या सुजेसाठी. पोट भरल्यावरच घ्यायची, वाटेल तेव्हा नाही. तळपायाची आग साखरेमुळे आहे, ती या गोळीनं जायची नाही. आणि अनवाणी फिरू नका."

मामांनी गोळी मनावर घेतली, बाकीचं सोयीनं. बूट मात्र आणले, पांढऱ्या कॅनव्हासचे. ते घालून अंगणात उतरले तसं मामी म्हणाल्या, "कुठं, चेंडू खेळायला?"

"हो. तुझ्या भावाला बोलव जोडीला."

ते बूट रस्त्यावर असत, बाजारात असत, अंगणातसुद्धा असत. फक्त वाडीच्या दाराशी उतरत. पानवेलीत वहाण नेत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. वेल रुसते, पान काळं पडतं. पण मामा दिवसभर असत ते वाडीतच, आणि वेली चढवलेल्या होत्या पांगाऱ्यावर, ज्याच्या फांद्यांना अंगभर काटे.

पुढे तळपायाची आग थांबली. मामा खूश झाले. "डाक्तर म्हनत होता, जायची नाय. गेली ना? गोळीनंच विझवली." आम्हालाही ते पटलं. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असंच आपण सगळे धरून चालतो.

एका सकाळी ते वाडीतून आले आणि शेणानं सारवलेल्या ओटीवर त्यांच्या एका पावलाचे ओले, लालसर ठसे उमटले. मामींनी त्यांना बसवून पाय उलटा केला. काटा मोडून आत रुतला होता आणि भोवतालचं मांस काळं पडलं होतं.

"कवा लागला कोन जाने," मामा म्हणाले. "दुखत तर कायच नाय."

डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचून बघितली. मामा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले, टोचल्याचं त्यांना कळलंच नाही. "आग विझली नव्हती, मामा," डॉक्टर म्हणाले. "पायच बधिर झाला होता." पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

घरी आल्यावर मामांचं एकच मागणं होतं, एकदा वाडीत जायचं. बऱ्याच दिवसांनी कुबडी घेऊन ते दाराशी आले. उरलेल्या पायातला बूट काढला. मग कुबडीकडे बघत थांबले. टोकाला रस्त्याची माती लागली होती.

"हिला कशी काढू, बाय?"

मी तांब्याभर पाणी आणून टोक स्वच्छ धुतलं. "झालं. चला आत."

मामा हसले. "पान्यानं भागत होतं, तर बूटच धुवून घातले असते की."

मामी होत्या, दोन गडी होते. मीही होते. वाडीत ठेवायला एक कोरा जोड, बाहेर कधी न नेलेला. एवढंच लागलं असतं. ते आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं.

धुतली तरी कुबडी रस्त्यावरचीच, म्हणून मामा आत आले नाहीत. त्यानंतर रोज बाहेरच्या दगडावर बसत, बूट काढूनच, आणि कुठल्या वेलीची पानं खुडायला आली ते तिथूनच सांगत. एका दुपारी त्यांना घेरी आली. गड्यांनी उचलून घरी नेलं, मामा काही परत आले नाहीत.

त्यांचा बूट दगडाशीच राहिला. दुसऱ्या दिवशी कामावर आलेल्या गड्यांनी आपल्या वहाणा त्याच्या शेजारी नीट ओळीत काढल्या आणि ते अनवाणी आत गेले.